पाटीला पाय

पाऊस नव्हता, हे आधी सांगते,
म्हणजे दोष त्याच्यावर ढकलता यायचा नाही.
ब्लायनाय फेस्टिन्योगला त्या दिवशी चक्क ऊन होतं.
सायकल भाड्याची, हेल्मेट ओजसचं जुनं,
वय सत्तेचाळीस, हे तेवढं माझं स्वतःचं.

वाटेच्या तोंडाशी पाटी होती.
वर वेल्शमध्ये एक शब्द, खाली इंग्रजीत तोच: हळू.
दोन भाषांनी सांगितलं.
मी तिसरीत विचार करत होते:
एवढंसं पोर उतरतं, मग मला काय धाड भरलीय?

पहिली तीन वळणं जमली.
जमली म्हणजे, त्यांनी मला सोडून दिलं.
चौथ्यापुढे वाट आहे असं मला वाटलं,
वाटेला तसं वाटलं नाही.
कमरेइतकी पायरी, खाली सगळा काळा चुरा,
ओजस खालून ओरडतोय, "मागचा! मागचा ब्रेक!"
आणि रेक्समच्या औषधाच्या दुकानात
दिवसाला हजार गोळ्या न चुकता मोजणाऱ्या
माझ्या या हाताने
पुढचा दाबला.

मग बराच वेळ काही झालं नाही.
सायकल माझ्यावरून गेली की मी तिच्यावरून,
यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.
चाक फिरत राहिलं. टर्रर्र.

"हलू नकोस," ओजस म्हणाला, इंग्रजीत.
घाबरला की तो इंग्रजीत जातो,
मी आकडे मोजताना मराठीत जाते तसा.

कुत्र्यामागून एक म्हातारा आला, अंगातला कोट काढतच.
नाव इद्वल. बत्तीस वर्षं याच डोंगराच्या पोटात दगड फोडला म्हणे,
आता त्यावर लोक पैसे देऊन पडतात.
हे हसून म्हणाला का, आठवत नाही.
माझ्या कोपराखालून त्याने एक चपटा तुकडा काढला,
निळसर काळा, कडेला माझं रक्त.
"छपराच्या कामाचा नाही," म्हणाला, "बहुतेक नसतातच."

पण मी ओळखला.
लाकडी चौकटीशिवाय पाहिला नव्हता, इतकंच.
याच्यावर मी ग गिरवला होता,
थुंकीने पुसला म्हणून धपाटा खाल्ला होता,
पेन्सिल तर नुसतीच खाल्ली होती, आवडीने.
आणि याला चुकून पाय लागला
तर लगेच बोटं टेकवून कपाळाला लावायची.

इथे अख्खा डोंगरच पाटीचा,
आणि मी त्याला पायांनी, गुडघ्यांनी, हनुवटीनेसुद्धा लागलेली.
उजवा हात आपोआप निघाला
आणि खांद्यापाशी अडला. हासळी मोडली होती.
मग डाव्याने केला नमस्कार.
डाव्याने चालतो का,
हे विचारावं असं कोणी त्या उतारावर नव्हतं.
इद्वलला वाटलं, माझं डोकं दुखतंय.

नंतर ते दोघं माझ्या अंगावरून बोलू लागले.
वेल्शमध्ये, भरभर.
ओजसचा आवाज खाली उतरलेला, कुणा मोठ्या माणसाचा.
शाळेत त्याला हा विषय आहे, हे माहीत होतं,
गुणही माहीत होते, एकोणऐंशी.
या भाषेत त्याला हसता येतं, हे माहीत नव्हतं.
आईबद्दल काहीतरी सांगत होता.
"माम" एवढं कळलं.
बाकीचं पडल्या पडल्या नुसतं ऐकलं.

ॲम्ब्युलन्स बँगोरकडे निघाली.
मागच्या काचेतून, पलीकडच्या लेनवर,
पांढऱ्या रंगात तोच शब्द, वळणावळणाला.
बारा वर्षं यावरून गाडी चालवतेय.
"आराफ," मी वाचला.
"आरव्," ओजस म्हणाला, "एफ दिसला तरी व म्हणायचा."
"आमच्याकडे कोंबडा आरवतो."
"म्हणजे ऊठ?"
"साधारण तसंच."
"इथे म्हणजे हळू."

पुढच्या वळणाला मी पुन्हा म्हटलं.
"र जरा जोरात," तो म्हणाला, "जीभ हलू दे."
तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा
ड्रायव्हरने मागे न बघताच विचारलं,
मी फार जोरात जातोय का.